आधी 'आय', मगच 'मायसेल्फ'

इंग्रजी व्याकरणातील एका लहानशा शब्दावर आज आम्ही लिहीत आहोत. आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात व्याकरण कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. अत्याचाराची प्रकरणे आहेत, शिष्यवृत्तीचे प्रश्न आहेत, बेकारी आहे. अशा वेळी 'मायसेल्फ' आणि 'हिमसेल्फ' यांची चर्चा हा रिकामटेकडेपणा नव्हे काय? मुळीच नव्हे! ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच नाकारले गेले, त्याच्यासाठी व्याकरण हा हक्काचा प्रश्न आहे. आणि हा एवढासा शब्द नांदेड-लातूरच्या आपल्या मुलामुलींना नेमका कुठे आडवा येतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना आमचे म्हणणे लगेच पटेल.

कुठे आडवा येतो? मुलाखतीत. नोकरी बँकेची असो, कंपनीची असो, की पुण्या-मुंबईच्या मोठ्या महाविद्यालयातला पहिला दिवस असो. समोरचा म्हणतो, 'इन्ट्रोड्यूस युअरसेल्फ.' आपला मुलगा उभा राहतो आणि सांगतो, 'मायसेल्फ प्रकाश, फ्रॉम नांदेड.' मुलाला रसायनशास्त्र येते, हिशेब येतो, संगणक येतो. पण त्या पहिल्याच शब्दाला समोरच्यांच्या ओठांवर हसू उमटते आणि पुढची दहा मिनिटे मुलाची जीभ जड होते. हसणाऱ्याने आडनाव विचारलेले नसते. त्याची गरजही नसते. भाषेवरून शाळा, शाळेवरून गाव आणि गावावरून वस्ती ओळखण्याची कला या देशात फार जुनी आहे.

यावर आपल्यात दोन प्रकारची उत्तरे ऐकू येतात. पहिले उत्तर लाजेचे. 'आपल्याला इंग्रजी जमणारच नाही,' असे म्हणून मुलगा इंग्रजीचा पेपर असलेल्या परीक्षेचा अर्जच भरत नाही. दुसरे उत्तर ऐटीचे. 'इंग्रजी चुकली तर काय बिघडले? भाव कळला म्हणजे झाले!' ही दोन्ही उत्तरे आम्हाला मान्य नाहीत. राज्य लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला इंग्रजीचा अनिवार्य पेपर असतो आणि भरती परीक्षांत चुकीचे वाक्य ओळखायला सांगतात. तिथे भाव कळून भागत नाही. आणि बाबासाहेबांनी कधी 'भाव कळला म्हणजे झाले' अशी इंग्रजी लिहिली काय? 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १९३६ साली छापून आले, तेव्हा त्यातील युक्तिवादावर तुटून पडणारे पुष्कळ निघाले. पण त्यांच्या इंग्रजीला हसण्याची सोय कोणालाच नव्हती. विरोधकाला एवढीशीही फट ठेवायची नाही, ही त्यांची शिस्त होती.

तेव्हा चूक दुरुस्त करायची. पण दुरुस्त करण्यापूर्वी ती होते का, हे समजून घेतले पाहिजे. ती अकलेच्या अभावाने होत नाही. उलट मुलगा आपल्या मराठीचे तर्कशास्त्र प्रामाणिकपणे इंग्रजीत नेत असतो.

फोनवर कोणी विचारले, 'प्रकाश आहे का?' तर आपण म्हणतो, 'स्वतः बोलतोय.' यात 'मी' कुठे आहे? तो 'बोलतोय' या क्रियापदात आहे. मराठी क्रियापद कर्ता पोटात घेऊन चालते, म्हणून 'मी' गाळला तरी चालतो. इंग्रजी क्रियापदाला ही सोय जवळजवळ नाही. तिथे कर्ता मोठ्याने उच्चारावाच लागतो. दुसरी गोष्ट अशी की, 'मी प्रकाश' हे मराठीत पुरे वाक्य आहे, त्यात 'आहे' लागत नाही. इंग्रजीत 'अ‍ॅम' लागतोच. तिसरी गोष्ट म्हणजे प्रश्नच 'युअरसेल्फ' म्हणून विचारलेला असतो. मुलगा त्याच धाग्याने उत्तर 'मायसेल्फ'ने सुरू करतो. कर्ता गाळला, क्रियापद गाळले, प्रश्नातला शब्द उचलला आणि वाक्य तयार झाले. यात मूर्खपणा कुठे आहे? ही तर विचार करून केलेली चूक आहे. आणि विचार करून केलेली चूक विचारानेच सुटते, टिंगलीने नव्हे.

आता नियम पाहू. 'मायसेल्फ, युअरसेल्फ, हिमसेल्फ, हरसेल्फ, इटसेल्फ, अवरसेल्व्ज, युअरसेल्व्ज, देमसेल्व्ज' या आठ शब्दांना इंग्रजीत रिफ्लेक्झिव्ह प्रोनाउन म्हणतात. आपल्या व्याकरणात याला आत्मवाचक सर्वनाम म्हणतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येक मुलाने मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरणात ते वाचलेले असते. 'आपण' हा शब्द पुरुषवाचक केव्हा आणि आत्मवाचक केव्हा, हा परीक्षेतील नेहमीचा प्रश्न. 'आपण सभेला जाऊ' यातला 'आपण' पुरुषवाचक. 'तो आपण होऊन सभेला आला' यातला 'आपण' आत्मवाचक, कारण त्याचा अर्थ 'स्वतः' असा होतो. आणि त्याच पाठात एक खूण सांगितलेली असते की, आत्मवाचक 'आपण' वाक्याच्या आरंभी येत नाही. का येत नाही? कारण तो ज्याच्याकडे बोट दाखवतो, तो कर्ता आधी उभा असावा लागतो.

झाले! इंग्रजीचा नियम याहून वेगळा नाही. 'सेल्फ'वाला शब्द एकटा उभा राहू शकत नाही. त्याच वाक्यात त्याचा धनी आधी हवा. 'आय' असेल तर 'मायसेल्फ', 'ही' असेल तर 'हिमसेल्फ', 'वी' असेल तर 'अवरसेल्व्ज'. म्हणून 'मायसेल्फ प्रकाश' चूक आणि 'आय अ‍ॅम प्रकाश' बरोबर. 'मे आय इन्ट्रोड्यूस मायसेल्फ?' हेही बरोबर, कारण ओळख करून देणारा मी आणि ज्याची ओळख करून द्यायची तोही मीच. मराठीच्या पेपरात ही खूण पाठ म्हणणारा मुलगा इंग्रजीच्या पेपरात तीच चूक करतो, कारण दोन विषयांचे दोन शिक्षक एकमेकांच्या वर्गात डोकावत नाहीत.

या शब्दाचे मुख्य काम एकच. क्रिया करणारा आणि क्रिया भोगणारा एकच आहे, हे सांगणे. 'ही हर्ट हिम' म्हणजे त्याने दुसऱ्या कोणाला तरी जखमी केले. 'ही हर्ट हिमसेल्फ' म्हणजे त्याने स्वतःलाच जखमी करून घेतले. एका शब्दाने पोलिसाच्या जबानीचा अर्थ उलटा होतो! कोर्टकचेरीचा अनुभव असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हा फरक किती महागात पडू शकतो, हे सांगायला नको.

दुसरे काम जोर देण्याचे. 'मी स्वतः पाहिले' म्हणजे 'आय मायसेल्फ सॉ इट'. इथे 'मायसेल्फ' काढून टाकला तरी वाक्य उभे राहते, फक्त जोर कमी होतो. तिसरे काम 'बाय'बरोबर. 'आय डिड इट बाय मायसेल्फ' म्हणजे मी एकट्याने, कोणाच्या मदतीशिवाय केले.

जिथे हे काम नाही, तिथे हा शब्द घालायचा नाही. 'माय फ्रेंड अँड मायसेल्फ वेन्ट टू लातूर' हे चूक. 'माय फ्रेंड अँड आय' पाहिजे. 'ही गेव्ह द फॉर्म टू माय ब्रदर अँड मायसेल्फ' हे चूक. 'टू माय ब्रदर अँड मी' पाहिजे. शंका आली तर जोडीदाराला क्षणभर बाजूला करून पाहावे. 'मायसेल्फ वेन्ट' असे कोणी म्हणेल काय? मग दोघे गेले तरी तो शब्द बसत नाही.

आमच्याकडे आणखी एक चूक होते, तिचे मूळ सभ्यतेत आहे. मराठीत मोठ्या माणसाला आपण 'आपण' म्हणतो. 'आपण यावे', 'आपणास विनंती'. अर्ज लिहिताना मुलाला 'यू' हा शब्द उद्धट वाटतो आणि तो 'आय रिक्वेस्ट युअरसेल्फ' असे लिहितो. इंग्रजीत 'यू' हाच शब्द पाटलालाही आणि पाटलाच्या सालगड्यालाही! कलेक्टरला 'यू' आणि शिपायालाही 'यू'. 'अरे-तुरे' आणि 'अहो-जाहो' यांच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्या समाजाला इंग्रजीने दिलेली ही समता नीट वापरता आली पाहिजे. अर्जात 'यू' लिहिताना हात थरथरण्याचे कारण नाही.

हसणाऱ्यांनाही दोन शब्द सांगणे भाग आहे. खुद्द इंग्लंडात कंपन्यांचे साहेब आणि फोनवर माल विकणारे लोक 'प्लीज कॉन्टॅक्ट मायसेल्फ' असे सर्रास म्हणतात आणि तिथले व्याकरणप्रेमी त्यांच्यावर चिडतात. 'आय' की 'मी' या गोंधळात सापडलेला माणूस 'मायसेल्फ'च्या आडोशाला जातो, मग तो लंडनचा असो की लोह्याचा. पण लंडनच्या साहेबाची ती सवय ठरते आणि लोह्याच्या मुलाची ती लायकी ठरते. चूक एक, न्याय दोन! हा न्याय कोणत्या शास्त्रातून आला, हे आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

शब्दांच्या रूपांकडे वळू. 'माय'पासून 'मायसेल्फ', 'युअर'पासून 'युअरसेल्फ', 'अवर'पासून 'अवरसेल्व्ज'. मग याच हिशेबाने 'हिज'पासून 'हिजसेल्फ' आणि 'देअर'पासून 'देअरसेल्व्ज' व्हायला हवे होते. पण होत नाही. तिथे 'हिमसेल्फ' आणि 'देमसेल्व्ज' होते. 'हिजसेल्फ' लिहिणारी मुलगी तर्काने बरोबरच चालली आहे, वाकडी आहे ती इंग्रजी. शिक्षकाने तिला आधी एवढे सांगावे आणि मग बरोबर रूप पाठ करून घ्यावे. एकवचनी 'सेल्फ' आणि अनेकवचनी 'सेल्व्ज' हेही लक्षात ठेवावे. 'यू' दोन्ही वचनांना एकच असला तरी एका माणसाला 'युअरसेल्फ' आणि अनेकांना 'युअरसेल्व्ज' म्हणायचे असते.

काही क्रियापदे अशी आहेत की, त्यांना मराठीत 'स्वतः' लागत नाही, पण इंग्रजीत लागतो. 'सहलीत मजा आली' याचे 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ज' होते; नुसते 'वी एन्जॉइड' म्हणून थांबता येत नाही. 'मी शिष्यवृत्तीचा लाभ घेतला' याचे 'आय अ‍ॅव्हेल्ड मायसेल्फ ऑफ द स्कॉलरशिप' होते. 'तो वर्गाला गैरहजर राहिला' याचे 'ही अ‍ॅबसेन्टेड हिमसेल्फ फ्रॉम द क्लास' होते. किंवा सरळ 'ही वॉज अ‍ॅबसेंट' लिहावे. उलट 'आय फील हॅपी', 'ही वॉश्ड अँड ड्रेस्ड' इथे 'सेल्फ' लागत नाही. 'शी कीप्स द बुक विथ हर' इथेही 'हर' पुरतो. मराठीतील 'आपला' हा शब्द मात्र इंग्रजीजवळ नाही. 'गुरुजींनी विद्यार्थ्याला आपल्या घरी नेले' म्हटले की, घर गुरुजींचे हे आपल्याला कळते. इंग्रजीत 'हिज हाऊस' म्हटल्यावर घर कोणाचे हा प्रश्न उरतो. तो मिटवायला 'हिज ओन' असे म्हणावे लागते. म्हणजे काही ठिकाणी आपली मराठी इंग्रजीपेक्षा अधिक स्पष्ट आहे, हेही मुलांना कळू द्या. न्यूनगंड जायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

आणखी एक जोडी आपल्या चळवळीने विशेष ध्यानात ठेवावी. 'देमसेल्व्ज' म्हणजे 'स्वतःला' आणि 'ईच अदर' म्हणजे 'एकमेकांना'. 'दे हेल्प्ड ईच अदर' म्हणजे त्यांनी एकमेकांना मदत केली. 'दे हेल्प्ड देमसेल्व्ज' याचा इंग्रजीत व्यवहारातला अर्थ असा की, समोर होते ते त्यांनी स्वतःच्या ताटात वाढून घेतले! १९५७ साली रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, त्यानंतर त्याचे किती तुकडे झाले आणि त्या तुकड्यांच्या पुढाऱ्यांच्या बाबतीत या दोनपैकी कोणते वाक्य लागू पडते, हे वाचकांनी आपापल्या वहीत लिहून पाहावे. व्याकरणाचा याहून चांगला स्वाध्याय आम्हाला सुचत नाही.

हे सारे आमच्या नांदेड-लातूरला उशिरा का कळते, याला इतिहास आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे शिक्षण उर्दूतून. मराठी मुलाला तिथे आधी उर्दूचा डोंगर चढावा लागे. इंग्रजी त्याच्याही पलीकडे. अस्पृश्यांच्या मुलांसाठी तर दारच अर्धे बंद. बाबासाहेबांनी १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. लातूरचे राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० सालचे. शिवाय मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून होती. पहिलीपासून ती २००० साली आली. म्हणजे पुण्या-मुंबईत शतकभर आधी मुरलेली गोष्ट आमच्याकडे दोन-तीन पिढ्यांची आहे. या पिढ्यांनी केलेली मजल थोडी नाही.

आणि ही मजल फुकट मिळालेली नाही. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून याच नांदेड जिल्ह्यात १९७८ साली पोचीराम कांबळे यांनी प्राण दिले, नांदेड शहरात १९९३ साली गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामांतर झाले. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठही आले. विद्यापीठाच्या कमानीवरील नावासाठी रक्त सांडणाऱ्यांच्या नातवंडांनी कमानीच्या आत जाऊन एका शब्दासाठी मान खाली घालावी, हे आम्हाला सहन होणारे नाही.

लातूर पॅटर्नचा गाजावाजा सगळ्या महाराष्ट्राने ऐकला आहे. मेहनत, सराव आणि चाचण्या यांच्या बळावर खेड्यातला मुलगा डॉक्टर होतो, हे या पॅटर्नने दाखवले. पण वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र यांचेच गुण धरतात. ज्या विषयाचे गुण धरत नाहीत, त्याला शिकवणीत वेळ नाही. मुलगा गुण घेऊन बाहेर पडतो आणि पहिल्याच दिवशी 'मायसेल्फ'वर अडखळतो. दुसरीकडे पोटाला चिमटा घेऊन आईबाप मुलाला महागड्या इंग्रजी शाळेत घालतात. तिथे नियम कानावर पडतो, कारण मात्र कोणी सांगत नाही. मराठी सुटते आणि इंग्रजीही धड येत नाही.

याला उपाय नवा नाही. रामजी सुभेदारांनी तो शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या घरात केला. लहानग्या भीमरावाकडून त्यांनी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करून घेतली. मराठी वाक्य घ्यायचे, त्याची इंग्रजी करायची. इंग्रजी वाक्य घ्यायचे, त्याची मराठी करायची आणि फरक कुठे पडला ते पाहायचे. मातृभाषेच्या पायरीवर पाय ठेवून इंग्रजीची पायरी चढायची. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'त शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला, तोही मराठी कवितेतूनच!

आणि एवढे सांगूनही ज्यांना हा शब्द क्षुल्लक वाटतो, त्यांनी शाळेच्या पाठ्यपुस्तकात छापलेली संविधानाची उद्देशिका उघडावी. इंग्रजी उद्देशिका हे एकच लांब वाक्य आहे. त्याचा पहिला शब्द 'वी' आणि शेवटाकडे 'अवरसेल्व्ज'. मराठीत सुरुवातीला 'आम्ही' आणि शेवटी 'स्वतःप्रत'. १९३५ चा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला आणि आपल्याला दिला. देणारा वेगळा, घेणारा वेगळा. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी देणारा आणि घेणारा एक झाला. ब्रिटिश सत्तेतून सुटलेल्या आयर्लंडच्या १९३७ च्या संविधानातही आरंभी हाच शब्द आहे. 'अवरसेल्व्ज'च्या जागी 'अस' घालून पाहा, म्हणजे कोणीतरी वरून दान टाकल्यासारखे वाटेल. संविधान कोणाच्या मेहेरबानीने मिळालेले नाही, हे व्याकरणाने सिद्ध करणारा तो शब्द आहे. आणि आमच्यासारख्या, गावाबाहेर ठेवलेल्या माणसांची गणना त्या 'वी'मध्ये झाली, म्हणूनच 'अवरसेल्व्ज'मध्येही झाली. 'अत्त दीप भव' आपण रोज म्हणतो. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांचे ते सांगणे अनेकवचनी आहे. म्हणजे इंग्रजीत 'युअरसेल्फ' नव्हे, 'युअरसेल्व्ज'! दिवा ज्याने त्याने स्वतःचा व्हायचा, पण सांगणे सगळ्या संघाला आहे.

आमची सूचना साधी आहे. नांदेड आणि लातूरच्या मागासवर्गीय वसतिगृहांत, अभ्यासिकांत आणि विहारांत आठवड्यातून एक तास भाषांतराचा ठेवा. निवृत्त शिक्षक आहेत, बँकेत आणि कचेरीत लागलेली आपली मुले आहेत. त्यांनी पाळीपाळीने यावे. रोज दहा मराठी वाक्ये फळ्यावर लिहावीत आणि मुलांकडून इंग्रजी करून घ्यावी. चूक झाली तर का झाली, ते मराठीतूनच समजवावे. कोणी कोणाला हसायचे नाही, हा एकच दंडक. सहा महिन्यांत 'मायसेल्फ' आपल्या जागी जाऊन बसेल. वसतिगृहाच्या गृहपालांनी आणि विहार समित्यांनी येत्या रविवारीच खडू हातात घ्यावा. यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. जयभीम!